टीव्हीच्या कोपऱ्यातली खुर्ची

अण्णा,

आपल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला होता. वार्षिक अंकासाठी तुझ्यावर चार पानं लिहून द्या म्हणाले, आणि मराठीत द्या. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसले. आपल्या घरातली हीच तर एक भाषा, जी तुला कधी आली नाही. शाळेनं तुला कन्नड वाचायला शिकवलं, वर्कशॉपच्या ड्रॉइंगनी कामापुरतं इंग्रजी शिकवलं, मित्रांनी हातांची भाषा दिली. आपली माणसं मात्र इतक्या पिढ्या म्हैसुरात राहूनही ज्या मराठीला धरून बसली, ती तुझ्यापर्यंत पोचलीच नाही. आपले पूर्वज राजाच्या फौजेत घोडेस्वार होते, हे बाबा छाती फुगवून सांगायचे आणि मी ते तुला हातांनी सांगायचे. त्यावर तू एकदा विचारलं होतंस, घोड्यांना मराठी यायचं का? बाबांना मी तो प्रश्न पोचवलाच नाही.

तर हे तू वाचणार नाहीस. आई वाचेल, चष्मा पुसून, ओळीखाली बोट ठेवून, दोनदा. पण मी बोलणार तुझ्याशीच. तुझ्या पाठीमागं बोलायची सवय मला लागलीच नाही. तुला काही सांगायचं तर समोर यावं लागायचं, उजेडात उभं राहावं लागायचं, तुझं लक्ष वेधून घ्यावं लागायचं. लहानपणी मी त्यासाठी चिंचोके फेकायचे. नेम चुकला की चिंचोका बाबांना लागायचा आणि मार मला बसायचा, आणि तू काही माहीत नसल्यासारखा कोपऱ्यात बसून दात काढायचास. तुला जाऊन दोन महिने होत आलेत आणि परवा चिंच निवडताना तिची बी हाताला लागली, तर मी ती खरंच उचलून मूठ वळली होती.

तू सगळ्यांना नावं ठेवली होतीस. आईचं नाव कुंकू, बाबांचं मिशी, येलवालच्या मामाचं नाव खांद्यावरचा टॉवेल झटकणं. माझं नाव तोंडापाशी बोटांची उघडझाप, म्हणजे बडबडी. ज्याला एक अक्षर ऐकू येत नाही त्याला बहिणीची बडबड कशी कळली, हे मला अजून उलगडलेलं नाही. आई म्हणते, त्यासाठी कान कशाला लागतात?

घरच्या खुणा अशा पुष्कळ होत्या. शेजारच्या काकूंची, उसनं मागायला येणाऱ्यांची, मीठ जास्त झाल्याची. त्या आपण चौघांनी तयार केल्या होत्या आणि जगात आणखी कुणाला त्या येत नव्हत्या. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण जी भाषा पाळण्यापासून हातात आहे ती सगळ्यांची नाही, हे अंगात मुरायला वेळ लागतो. माझ्या बाबतीत त्याला दोन दिवसांचं पाणी लागलं.

आपल्या गावातल्या केबल चॅनेलनं संध्याकाळच्या बातम्यांत हातांच्या भाषेची चौकट टाकायचं ठरवलं, तेव्हा त्यांना माणूस मिळेना. मी शाळेत शिकवते, भाऊ बहिरा आहे, हात भराभर चालतात, एवढ्यावर त्यांनी मला बोलावलं. एका लहानशा खोलीत हिरव्या पडद्यापुढं खुर्ची, समोर कॅमेरा, आणि मी टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात. काय तोरा होता माझा तेव्हा. पहिल्याच आठवड्यात बातमी आली की दोन दिवस नळाला पाणी येणार नाही. आता ही बातमी द्यायची कशी, याचा मी विचारसुद्धा केला नाही. आपल्याकडं पाणी गेलं की आई रिकामी बिंदिगे, म्हणजे तिची ती पितळी घागर, कमरेवर उलटी धरून अंगणात यायची. म्हणून आपली खूणही तीच. मी कमरेवर उलटी घागर धरली, ती दोनदा हलवली, आणि दोन बोटं दाखवली. अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी म्हैसुरातल्या सगळ्या बहिऱ्या माणसांत एकट्या तुझ्या घरी पाणी भरलेलं होतं. बादल्या भरलेल्या, पातेली भरलेली, कुकर भरलेला, देवाचा तांब्या भरलेला. बाकीचे सगळे कोरडे. रविवारी तू मला हाताला धरून तुमच्या हॉटेलात घेऊन गेलास. तिथं दर रविवारी तुमचा अड्डा जमायचा. मालकानं ट्यूबलाईटखालचं मोठं टेबल तुमच्यासाठी राखलेलं असायचं, कारण उजेड नसला तर तुमचं बोलणं बंद. एकेका कॉफीचे दोन-दोन ग्लास करून तुम्ही तीन-तीन तास बसायचात. त्या टेबलाशी मी पहिल्यांदा रत्नम्माला पाहिलं. बेळगोळच्या कपड्यांच्या कारखान्यात ती शिवणयंत्रावर बसते, जन्मापासून बहिरी, आणि जीभ, म्हणजे हात, तिखट. तिनं मला विचारलं, त्या दिवशी नाचाची स्पर्धा कुठं झाली होती? तिला वाटलं होतं, कुणा बाईला नृत्यात दुसरं बक्षीस मिळालं. मग तिनं तुझ्याकडं वळून सांगितलं, "हिच्या बातम्या तुझ्या घरापुरत्या आहेत."

तू इतका हसलास की कॉफी नाकातून आली. मी लाजेनं लाल झाले होते. पण हसून झाल्यावर तू मला सोडलं नाहीस. दर रविवारी यायचं, इथं बसायचं, आणि यांच्याकडून शिकायचं, असा हुकूम काढलास. मी शाळेतली बाई, आणि मला शिकवायला सात-आठ मास्तर. रत्नम्मा तर बोटं धरून सरळ करायची. अण्णा, त्या टेबलाशी मी जे शिकले त्यावर मी पुढं सगळं केलं. तुला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. भावाला थँक्यू म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही, आणि तू ते ऐकून घेतलंही नसतंस.

मग तू माझा परीक्षक झालास. मेटगळ्ळीच्या वर्कशॉपमधून स्टीलची पट्टी घरी आणायचास आणि बातम्या सुरू झाल्या की टीव्हीच्या काचेला लावायचास. चौकट सव्वादोन इंच. हातांची बोटं तांदळाएवढी. शिवाय खालून सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीची पट्टी सरकत जायची आणि नेमकी माझ्या हातांवरून जायची. तोंड दिसायचं, हात गडप. तू मला म्हणालास, तुझं तोंड सगळं गाव बघतंय आणि बातमी बांगड्यांच्या खाली गेली आहे. संपादकांना तू कन्नडात तीन पत्रं लिहिलीस. तिसऱ्या पत्रात तू चौकटीचं मापासकट ड्रॉइंग काढून जोडलंस, वर्कशॉपमध्ये काढतात तसं, बाण दाखवून. संपादक हसले, पण जाहिरातीची पट्टी वर गेली आणि चौकट तीन इंच झाली. त्या दिवशी तू आईला होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, करायला लावल्यास आणि वर्कशॉपात डबा नेऊन वाटल्यास. पाऊण इंचासाठी पुरणपोळी खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि तो व्हायोलिनचा किस्सा. एका मोठ्या वाहिनीची वार्ताहर मुलगी अपंग दिनासाठी तुझ्यावर गोष्ट करायला आली होती. बिचारी गुणी होती, पण गोष्ट ती घरूनच लिहून आली होती: बोटांनी ऐकणारा कामगार. लेथ यंत्राला हात लावून तुला बिघाड कळतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तू तिला समजावलंस की कान शाबूत असलेला टर्नरसुद्धा यंत्रावर हात ठेवूनच काम करतो, त्यात नवल काही नाही, पलीकडच्या यंत्रावरच्याला विचारा. तिनं ते लिहून घेतलं नाही. मग तिनं 'मूकबधिर' म्हटलं. तू मला म्हणालास, तिला सांग, बधिर बरोबर आहे, पण मूक कोण? मी गप्प बसतो का, हे माझ्या बहिणीला विचार. आणि ते माझ्याच तोंडून बोलायला लावलंस.

तिला हवं होतं ते एकच चित्र: तू खिडकीशी उभा, बाहेर बघतोस, चेहरा गंभीर. तू उभा राहिलास. तेवढ्यात रस्त्यावरून तुझा कुणी मित्र सायकल हातात धरून चालला होता. त्यानं खालून विचारलं, तू वरून सांगितलंस, आणि तुमचं असं काही रंगलं की तू खिडकीच्या गजांतून दोन्ही हात बाहेर काढून हसत होतास. तीन वेळा चित्र घेतलं, तीन वेळा तेच झालं. शेवटी त्यांनी तुझी पाठ दाखवली. आणि तू जे खरं बोलला होतास, बातम्यांतली चौकट मोठी करा, सरकारी घोषणा लिहूनही दाखवा, ते सगळं कापलं.

गोष्ट टीव्हीवर लागली तेव्हा तू मला विचारलंस, मागं आवाज कसला आहे? मी म्हटलं, व्हायोलिन, रडकं. तू म्हणालास, दाखव कसं. मी मान वाकडी करून, डोळे मिटून दाखवलं. झालं. तेव्हापासून कुणी तुझ्याकडं बघून चुकचुकलं की तू खांद्याला न दिसणारं व्हायोलिन लावायचास. बसमध्ये, लग्नात, बँकेत. एका लग्नात एक आजी तुझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि तू त्यांच्या पदराआडून मला वाजवून दाखवत होतास. मी हातातलं ताट घेऊन बाहेर पळाले होते.

आता भांडणाकडं येते. ते अर्धं राहिलं आहे, आणि ते पुरं केल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल.

तू म्हणालास, बातम्या आमच्यासाठी आहेत ना, मग खुर्चीत तू का? बहिरा माणूस का नाही? मला आधी वाटलं तू चेष्टा करतोस. मी विचारलं, निवेदक काय वाचतोय ते त्याला ऐकू कसं येणार? तुझ्याकडं उत्तर तयार होतं. बातमी आधी लिहिलेली असते, ती त्याला वाचायला द्यायची. आणि तू कॅमेऱ्याच्या खाली बस, ऐक, आणि तिथून त्याला हातांनी दे. तो लोकांना देईल. तू भाषा शिकलीस, चांगली शिकलीस, पण आमच्यातला माणूस सांगेल तसं तुला येणार नाही. तू कानांनी विचार करून मग हात हलवतेस.

मला झोंबलं. मी किती वर्षं तिथं घाम गाळला होता. बाजारात लोक ओळखायचे. फुलवाली मला एक हात मोगरा जास्त मापायची, टीव्हीवाल्या बाई म्हणून. आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं तोच मला ऊठ म्हणत होता. मी तुला जे म्हणाले ते आज पुन्हा लिहिते, कारण आईलाही ते माहीत नाही. मी म्हणाले, "मी नसते तर तुला जगाची बातमी कुणी दिली असती?"

तू डोळे मिटलेस. बहिऱ्या माणसानं भांडणात डोळे मिटले की पुढं सगळं संपतं. मी तुझा खांदा हलवला, गुडघ्यावर चापट्या मारल्या, पण तू उघडले नाहीस. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तुझे मिटलेले डोळे आणि माझे हवेतले हात बघून तिला सगळं कळलं. मला म्हणाली, "सुम्मने भांडू नका मा. स्वल्प खाऊन घ्या, मत्ते भांडा." म्हणजे उगाच भांडू नका, थोडं खाऊन घ्या आणि मग भांडा. तिनं तुझ्या नाकाखाली भाताचं ताट धरलं तेव्हा कुठं तू एक डोळा उघडलास. जेवलास, माझ्या ताटातला पापड उचललास, आणि त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. किती महिने गेले. मला ते बरंच वाटत होतं, कारण खुर्ची माझ्याकडं होती.

मग हॉस्पिटल. त्याचं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एवढं लिहिते. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, म्हणून तुला ओठही वाचता येईनात. नर्स दारातून नाव पुकारायच्या आणि तू भिंतीकडं बघत पडलेला असायचास. मी आठ दिवस खाटेशेजारी बसून होते, डॉक्टरांचं तुला सांगत आणि तुझं डॉक्टरांना. सहाव्या दिवशी तुला जरा बरं वाटत होतं. तू म्हणालास, "इथं तू हवीसच. डॉक्टरला माझी भाषा येत नाही. पण तिथं खुर्चीत रत्नम्मा बसू शकते." मी म्हटलं, घरी आल्यावर भांडू. तू अंगठा वर केलास, जणू मॅचची वेळ ठरली. मग डॉक्टर राउंडला आले आणि तू त्यांच्या पाठीमागं व्हायोलिन वाजवलंस.

घरी तू आला नाहीस.

तेराव्याला आपल्या घरी काय झालं ते तुला सांगायलाच हवं, तू असतास तर तुला फार आवडलं असतं. आत नातेवाईक सतरंजीवर बसलेले, आवाज खाली, चेहरे लांब. आणि दारातून तुझे हॉटेलातले आणि बाकीचे सगळे मित्र आले. बायका, पुरुष, दोघं बंगळूरहून. आधी सगळे रडले, मोकळेपणी, तोंडानं विचित्र आवाज काढत, कुणाला ऐकू जाईल याची फिकीर न करता. मग त्यांनी तुझ्या गोष्टी सुरू केल्या. खोलीत वीस जोड्या हात चालत होते, पायांनी जमीन वाजत होती, आणि हळूहळू हसू फुटायला लागलं. आपली माणसं माझ्याकडं बघायला लागली. तेराव्याला हसतात का? मी उठून मधे उभी राहिले आणि सवयीनं मराठीत सांगायला लागले, ते काय म्हणताहेत ते.

तेव्हा रत्नम्मानं मला हातानं बाजूला सारलं. रागानं नाही, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं. आणि ती मामासमोर उभी राहिली. येलवालचा मामा, ज्याला तुझी एक खूण कधी आली नाही, जो तुझ्याशी बोलायचं म्हणजे मोठ्यानं ओरडायचा. रत्नम्मानं त्याला खिडकीची गोष्ट सांगितली. ती तू झाली, मग वार्ताहर मुलगी झाली, कॅमेरा झाली, सायकलवाला झाली, सायकलसुद्धा झाली. आणि शेवटी व्हायोलिन. मामा टॉवेल तोंडात कोंबून हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्याच्या कन्नड वळणात म्हणाला, "मला सगळं कळलं कणे. तू सांगू नको." आई भिंतीला टेकून बसली होती. तुला नेल्यापासून पहिल्यांदा ती हसली, पदर तोंडाला लावून, आणि मग रत्नम्माच्या कपाळाला हात लावून तिनं स्वतःच्या कपाळाला लावला.

मी बाजूला उभी होते. इतक्या वर्षांत माझ्या हातांनी मामापर्यंत एक गोष्ट पोचली नव्हती. तू बरोबर होतास. ते मला त्या क्षणी कळलं असं म्हणाले तर ते छान दिसेल, पण खरं नाही. मला ते पाण्याच्या रविवारपासून माहीत होतं. मोगरा सोडवत नव्हता.

पुढच्या सोमवारी मी संपादकांकडं गेले. ते आधी घाबरले. बहिरी बाई थेट प्रक्षेपणात? बातमी मधेच बदलली तर? मी म्हटलं, मी कॅमेऱ्याखाली आहे ना. निवेदक काय बोलतोय ते मी तिला देईन, ती लोकांना देईल. तुझंच वाक्य, तुझं नाव न सांगता वापरलं, माफ कर. त्यांनी एक महिना करून बघू म्हटलं. रत्नम्मानं कारखान्यात पाळी बदलून घेतली. पहिल्या संध्याकाळी मी बुटक्या स्टुलावर, मान वर करून, गुडघे पोटाशी, आणि माझ्या खुर्चीत ती. दिवा लागला. अण्णा, मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. वाटलंही, पहिली दोन मिनिटं. मग नाही. मी तिला एका मंत्र्याचं लांबलचक वाक्य दिलं आणि तिनं ते इतक्या नेमक्या तीन हालचालींत लोकांना दिलं की मी स्टुलावर बसून हसू दाबत राहिले आणि पुढची बातमी जवळजवळ चुकले.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी यायला लागल्या. बहिरे लोक फोनवर व्हिडिओ करून चॅनेलला पाठवत होते. फार भरभर करते. गडद साडी नेसू नये, हात उठून दिसत नाहीत. बांगड्या काढा. पावसाच्या बातमीला हसते कशाला? एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर चार मिनिटं सांगितलं की मेटगळ्ळीची खूण ती करते ती नव्या पोरांची आहे, खरी खूण अशी आहे. आठवडाभर हेच चाललं. संपादकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुमच्या वेळी इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल एक तक्रार नव्हती, वर्षाकाठी आभाराचं पत्र यायचं. लोकांना ही पसंत दिसत नाही. तुम्हीच परत बसा.

खोटं कशाला बोलू? जीव सुखावला. खुर्ची चालत परत आली होती आणि मी ती मागितलीही नव्हती. मी ते सगळे व्हिडिओ बघू द्या म्हटलं, आणि त्यांच्या ऑफिसात बसून एकेक बघितला. बघता बघता मला उमगलं की ही माणसं मला कधीच का बोलली नाहीत. मी त्यांच्यावर उपकार करत होते. उपकार करणाऱ्याला कोण सांगतं की बांगड्या काढ? रत्नम्माला सांगत होते, कारण ती त्यांची होती, आणि चौकटही आता त्यांची होती. एवढ्या तक्रारी म्हणजे एवढे लोक बातम्या बघत होते. मी संपादकांना तेच सांगितलं. म्हटलं, मला आभाराची पत्रं आली, कारण त्यांना माझ्याकडून जास्त काही नकोच होतं. ते म्हणाले, बांगड्या तरी काढायला सांगा.

मी खाली आले तर रत्नम्मा हिरव्या पडद्याजवळ उभी होती, कारखान्यातून तशीच आलेली, केसांत दोऱ्याचे तुकडे. तिला कुणकुण लागली होती. तिनं विचारलं, "मी चुकले का? मी उठू का?" तिचा तिखटपणा कुठल्या कुठे गेला होता. मला समजलं की तिला ती खुर्ची माझ्याहून कितीतरी जास्त हवी होती, आणि मी आता जे सांगेन त्यावर ती बसणार किंवा जाणार.

मी तिच्याकडं बोट केलं आणि बरोबरची खूण केली. तू बरोबर. दोन खुणा, बस. तिनं श्वास सोडला, डोळे पुसले, बांगड्या उतरवून माझ्या हातात दिल्या आणि खुर्चीत जाऊन बसली. मी स्टुलावर बसले. दिवा लागायला थोडा वेळ होता, आणि मी माझ्या हातांकडं बघत होते. किती सोपं होतं ते. आठ दिवस मी तुझ्या खाटेशेजारी बसले होते, तू माझ्याकडं बघत होतास, उजेड भरपूर होता आणि माझे दोन्ही हात मोकळे होते.

तू बरोबर होतास, अण्णा.